थीम अपडेट झाली आणि कोड गेला: वर्डप्रेसचं प्लगिन लिहायला कुठून लागायचं?

प्रश्न खानापूरच्या एका मुलाचा आहे. बीसीए झालंय, बेळगावच्या टिळकवाडीत एका छोट्या ऑफिसात कामाला आहे. शहापूरच्या एका साडी दुकानासाठी त्याने वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्सची, म्हणजे ऑनलाइन दुकानाची, साइट केली, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मालकाने सांगितलेला प्रत्येक बदल त्याने थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपी फाइलमध्ये कोंबला. मग एक दिवस मालकाने डॅशबोर्डवरचा अपडेटचा आकडा बघून बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. आता तो विचारतो: हे प्लगिनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला वेगळ्या जोडलेल्या कोडमध्ये, कसं न्यायचं, जीएसटी आणि तीन भाषांचं काय करायचं, आणि बेळगावात बसून या कामावर पोट भरतं का?

आधी मालकावरचा राग सोडा. अपडेटचं बटण दाबायलाच असतं. थीम म्हणजे दुकानाचा रंग आणि मांडणी. पिन कोड तपासणं, ब्लाउजचं माप विचारणं, ऑर्डरचा मेसेज जाणं हा दुकानाचा व्यवहार. उद्या रंग बदलेल, व्यवहार तोच राहील. थीम बदलल्यावरही जे चालू राहायला हवं ते प्लगिनमध्ये, एवढीच फोड मी करतो. चाइल्ड थीम (मूळ थीमवर चढवलेली आपली वेगळी थीम) केली असती तर या अपडेटमधून कोड वाचला असता, पण थीमच बदलली असती तर पुन्हा रडगाणं तेच.

प्लगिन या शब्दाचं उगाच दडपण येतं. डब्ल्यूपी-कन्टेन्टमध्ये प्लगिन्स नावाचं फोल्डर आहे. त्यात आपलं एक फोल्डर, त्यात एक पीएचपी फाइल आणि फाइलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये प्लगिनच्या नावाची एक ओळ. झालं प्लगिन. वर्डप्रेस २००३ साली आलं आणि ही सोय २००४ च्या मे महिन्यात, १.२ आवृत्तीत आली. तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही. वर्डप्रेसने आपल्या कोडमध्ये जागोजागी हुक ठेवलेत, त्यांना आपलं फंक्शन अडकवायचं, मूळ फाइलला हात लावायचा नाही. हुक दोन प्रकारचे. ॲक्शन सांगतो, 'आत्ता हे घडतंय, तुला काही करायचं असेल तर कर.' फिल्टर म्हणतो, 'ही वस्तू घे, हवी तशी बदल आणि मला परत दे.' (हुकांची आणि फंक्शनांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालायचा.)

पहिलं प्लगिन म्हणून तुमच्याच दुकानाचं एक दुखणं घेऊया. गिऱ्हाईक मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून पत्ता भरतं आणि त्याच ओघात पिन कोडही मराठीत टाकतं: ५९०००१. वूकॉमर्स म्हणतं, पिन कोड बरोबर नाही. गिऱ्हाईक दोनदा बघतं, आकडे तर बरोबर दिसतात, मग वैतागून दुकानात फोन: "ओ, तुमच्या साइटला बेळगावचा पिन ठाऊक नाही काय?" तपासणारा नियम फक्त इंग्रजी अंक ओळखतो, देवनागरी ५ त्याच्या लेखी आकडाच नव्हे. कन्नड अंकांचीही तीच गत.

यावर 'वूकॉमर्स प्रोसेस चेकआउट फील्ड बिलिंग पोस्टकोड' असा लांबलचक नावाचा फिल्टर आहे. त्याला आपलं फंक्शन अडकवायचं, दहा देवनागरी आणि दहा कन्नड अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालायचे आणि मजकूर परत द्यायचा. दहा-बारा ओळींचं काम. या बारा ओळींत दोन खड्डे आहेत, आणि दोन्हींत मी पडलोय. पहिला म्हणजे 'रिटर्न' विसरणं. फिल्टरने काही परत दिलं नाही की पुढच्या कोडच्या हातात रिकामी पिशवी येते; गिऱ्हाइकाने नीट भरलेला पिन गायब आणि स्क्रीनवर 'पिन कोड भरणे आवश्यक'. दुसरा खड्डा जास्त फसवा. अक्षरं बदलायला पीएचपीत 'स्ट्रटीआर' हे फंक्शन आहे. त्याला 'हे अंक घे आणि हे अंक दे' असे दोन सरळ मजकूर दिले तर ते बाइटला बाइट लावत बसतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, त्यामुळे सगळा खिमा होतो. त्याच फंक्शनला ॲरे दिला, म्हणजे '५ च्या जागी इंग्रजी पाच' अशा जोड्या दिल्या, की काम चोख. आणि हे सगळं जुन्या, शॉर्टकोडच्या चेकआउटवर (चेकआउट म्हणजे पत्ता आणि पैसे भरायचं पान). वूकॉमर्स ८.३ पासून नव्या दुकानांना ब्लॉकचं चेकआउट येतं, तिथे हा फिल्टर लागतच नाही. तुमच्या साइटवर कुठलं आहे ते आधी बघा, नाहीतर रात्रभर हुडकत बसाल.

तीन बाइटांचं हे प्रकरण पुढेही भेटत राहतं. 'बेळगाव' या शब्दाची लांबी 'स्ट्रलेन'ला विचारा, १८ सांगेल. 'एमबी स्ट्रलेन' ६ सांगेल. साध्या 'सबस्ट्र'ने वर्णन पन्नासावर कापलं की शेवटी चौकोन नाहीतर काळा प्रश्नचिन्हाचा शंकरपाळा. यूआरएलमध्ये तर आणखी मजा. तिथे प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसकट नऊ जागा खातं आणि वर्डप्रेस स्लग (यूआरएलमधलं पानाचं नाव) २०० वर कापतं, म्हणजे काने-मात्रे धरून जेमतेम २२ चिन्हं. 'लग्नासाठी हातमागावरची शहापूरची साडी' असं नाव दिलंत तर स्लग 'लग्नासाठी-हातमागावरची-शह' इथे संपतो. शह मिळाला, साडी नाही. अशाच सुरुवातीची दुसरी साडी चढवली की तिच्यामागे २ चा आकडा लागतो, तिसरीमागे ३. मी मराठी साइटवर स्लग इंग्रजीत हाताने लिहायला लावतो. मराठीच्या अभिमानाचा प्रश्न इथे आणू नये. तो साडीच्या नावात आणि वर्णनात दाखवता येतो.

आता भाषा. मालकाचा मुलगा 'कार्टमध्ये टाकली' असा मेसेज मागेल आणि तुम्ही वस्तूचं नाव घालून वाक्य जोडाल. साडी टाकली, ठीक. त्याच दुकानात दिवाळीला कुंद्याचे डबे ठेवले तर? 'कुंदा टाकली'? मांडे ठेवले तर 'मांडे टाकली'? मराठीत क्रियापद वस्तूच्या लिंगावर जातं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगात, तिथे ही अडचण नाही. इंग्रजीत तर नाहीच, म्हणून इंग्रजीत प्लगिन लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून वाक्याचे तुकडे कोडमध्ये जोडू नका. अख्खं वाक्य भाषांतराच्या फंक्शनमध्ये द्या, वस्तूच्या नावासाठी क्रमांक घातलेली खूण ठेवा म्हणजे मराठीत आणि कन्नडमध्ये ती हवी तिथे सरकवता येईल. मराठी भाषांतर करताना वाक्याची ठेवणच बदला: 'कार्टमध्ये जमा: कुंदा, १ किलो'. लिंगाचा प्रश्न मिटला.

टेक्स्ट डोमेन (ज्या नावाने भाषांतर शोधलं जातं ते) प्लगिनच्या फोल्डरच्या नावाचंच ठेवा. मराठीची फाइल 'एमआर', कन्नडची 'केएन'. भाषांतराची फंक्शनं 'इनिट' हुकाच्या आधी बोलावू नका, ६.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस त्यावर कुरकुर करतं. लोको ट्रान्सलेट हे भाषांतराचं प्लगिन वापरत असाल तर फाइल त्याच्या 'कस्टम' जागेत साठवा; प्लगिनच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं भाषांतर पुढच्या अपडेटला तुमच्या फंक्शन्स डॉट पीएचपीच्या वाटेने जाईल. आणि साइटवरच्या मजकुराचा, म्हणजे पानांचा आणि वस्तूंचा, तीन भाषांतला जोडसंबंध स्वतः लिहायला बसू नका. पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल ही प्लगिन्स त्यासाठीच आहेत. एकदा मी हौस म्हणून तसलं लिहायला घेतलं होतं, तीन महिने गेले.

दुकानाचा जुना मजकूर बहुधा छापखान्यातून येईल. मराठी श्री-लिपीत, कन्नड नुडीत. तो चिकटवला की वर्डप्रेसमध्ये कचरा दिसतो. ती अक्षरं नव्हेतच, इंग्रजी अक्षरांना चढवलेले मुखवटे आहेत. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचं. रूपांतरानंतरही 'दर्‍या', 'तर्‍हा' यांतला तो अर्धा र दोन पद्धतींनी साठवलेला सापडेल, आणि 'ॲ' तर दोन-तीन पद्धतींनी. डोळ्यांना सारखे, सर्चला वेगळे. सेव्ह होताना एका पद्धतीत आणणारा फिल्टर हे तुमचं दुसरं प्लगिन होऊ शकेल.

यातूनच मला जे मुख्य सांगायचंय ते येतं: जे बदलणारं आहे ते कोडमध्ये कोरू नका. आपल्या भागात हे कुणी शिकवावं लागू नये. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं. २०२४ च्या कायद्याने पाटीवर ६० टक्के कन्नड आलं. खडेबाजारात पाट्या उतरल्या, रंगल्या, पुन्हा चढल्या. आतलं दुकान तेच. आणि तरी मी अजून असा कोड बघतो: शहर 'बेलगाम' असेल तर डिलिव्हरी मोफत. गिऱ्हाईक लिहिणार बेळगाव, बेळगावी, बेलगाम, तेही तीन लिप्यांत आणि सात स्पेलिंगांत. शहराच्या नावावर कुठलाही निर्णय घेऊ नका, पिनवर घ्या. त्यासाठी प्लगिनही नको. वूकॉमर्सच्या शिपिंग झोनमध्ये ५९० पुढे फुली (*) घातली की शहराचे पिन आले. ५९१ बहुतेक बाहेरच्या गावांचे, त्यांचा झोन वेगळा करा.

जीएसटीचंही तसंच. तुमचा प्रश्न वाचून वाटलं की यासाठी तुम्ही 'इफ-एल्स'ची शिडी लिहिली असणार. दुकान कर्नाटकातलं, राज्य कोड २९. निपाणीला कुरिअर गेलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) अर्धे-अर्धे. शिनोळी निपाणीपेक्षा कितीतरी जवळ, पण ती चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. तिथे माल पोहोचवला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर). तिथलंच गिऱ्हाईक दुकानात येऊन साडी घेऊन गेलं आणि बिलावर त्याचा महाराष्ट्रातला पत्ता लिहिला नसेल तर पुन्हा सीजीएसटी-एसजीएसटी. हे सगळं वूकॉमर्सच्या टॅक्स तक्त्यात बसतं. ५ टक्के दराची वस्तू धरा. कर्नाटकासाठी सीजीएसटी २.५, प्रायॉरिटी १, एसजीएसटी २.५, प्रायॉरिटी २. आणि राज्याच्या जागी फुली ठेवून आयजीएसटी ५, प्रायॉरिटी १. एका प्रायॉरिटीला एकच दर लागतो आणि नेमकं राज्य दिलेली ओळ फुलीच्या ओळीवर मात करते, म्हणून कर्नाटकाच्या गिऱ्हाइकाला आयजीएसटी लागत नाही. टॅक्स शिपिंगच्या पत्त्यावरून काढायची सेटिंग ठेवा. उद्या दर बदलला तर हिशेबनीस तक्त्यात आकडा बदलेल, रात्री दहाला तुम्हाला फोन येणार नाही.

इथे प्लगिनचं काम एकच उरतं: राज्य आणि पिन जुळतात का ते बघणं. कर्नाटकाचे पिन ५६ ते ५९ ने सुरू होतात, महाराष्ट्राचे ४० ते ४४ ने, पण ४०३ गोव्याचा. हा ४०३ विसरून पणजीच्या बाईंना 'महाराष्ट्र निवडा' असं सांगणारा कोड मी बघितलाय. जुळलं नाही तर फक्त विचारा, 'राज्य तपासून बघता का?' आपण होऊन राज्य बदलू नका. आपला पत्ता गिऱ्हाइकाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो.

आता माझी फजिती, कारण तीच चूक तुमच्या वाटेवर आहे. वडगावातल्या एका दुकानासाठी प्लगिन लिहिलं होतं. साडीबरोबर ब्लाउज शिवून द्यायचा, त्याची मापं मी वेगळ्या टेबलात साठवत होतो. टेबल तयार करणारा कोड ॲक्टिव्हेशन हुकाला (प्लगिन चालू करताना धावणाऱ्या) अडकवलेला. पुढच्या आवृत्तीत बाहीच्या लांबीचा एक कॉलम वाढवला. माझ्या मशीनवर चाललं, कारण तपासताना मी प्लगिन बंद करून चालू केलं होतं. दुकानाच्या साइटवर अपडेट चढवलं, गणपतीच्या आदल्या आठवड्यात. अपडेटच्या वेळी ॲक्टिव्हेशन हुक चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कॉलम तयारच झाला नाही, त्यामुळे नुसती बाहीच काय, मापांची अख्खी ओळ नाकारली जात होती, गपचूप. ऑर्डरी येत होत्या, पैसे जमा होत होते. चौथ्या दिवशी मालकांचा फोन: "अहो, शिंपी मापं मागतोय, कुठं हायत?" मी आणि मालकांची सून, दोघांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून मापं पुन्हा घेतली. काहींनी परत टेप लावून सांगितली, एका आजींनी मात्र मला दहा मिनिटं झापलं.

तेव्हापासून टेबलाच्या रचनेचा एक आकडा मी ऑप्शनमध्ये (वर्डप्रेसच्या सेटिंगच्या साठ्यात) ठेवतो आणि 'प्लगिन्स लोडेड' हुकावर तो कोडमधल्या आकड्याशी ताडून बघतो. जुना असेल तर तिथेच टेबलाची रचना सुधारणारं 'डीबीडेल्टा' चालवतो. या डीबीडेल्टाचे लाड पुरवावे लागतात: प्रत्येक कॉलम नव्या ओळीवर, आणि 'प्रायमरी की' या शब्दांनंतर दोन स्पेस. एक नाही, दोन. डेटाबेसमध्ये लिहिल्यावर काय परत आलं ते बघतो, 'फॉल्स' आलं तर लॉगमध्ये नोंद. खरं म्हणजे आज लिहिलं असतं तर वेगळं टेबल केलंच नसतं, मापं ऑर्डरच्या मेटामध्ये, म्हणजे ऑर्डरला जोडलेल्या जादा माहितीत, ठेवली असती. मात्र तिथेही ऑर्डरची माहिती 'गेट पोस्ट मेटा'ने काढू नका. ८.२ पासून नव्या दुकानांत ऑर्डरी पोस्टच्या टेबलात नसतात. 'डब्ल्यूसी गेट ऑर्डर'ने ऑर्डर आणा आणि तिलाच मेटा विचारा.

प्लगिन काढून टाकल्यावर काय व्हावं, हेही आधी ठरवा. आपल्याकडचा दुकानदार साइट अडली की प्लगिन डिलीट करून परत टाकतो, पंखा बंद करून चालू करावा तसा. तुमच्या अनइन्स्टॉल फाइलने तेवढ्यात मापं पुसली तर संपलंच. डिॲक्टिव्हेट केल्यावर काही पुसायचं नाही, फक्त लावलेले क्रॉन (ठरल्या वेळी चालणारी कामं) काढायचे. डिलीट केल्यावरही, सेटिंगमध्ये मुद्दाम खूण केली असेल तरच डेटा पुसायचा. क्रॉनवरून आठवलं: वर्डप्रेसचा क्रॉन साइटवर कुणी आलं तरच धावतो. रात्री बारानंतर साइटकडे कुणी फिरकत नसेल तर बाराचा रिपोर्ट सकाळी आठला जाईल. वेळ महत्त्वाची असेल तर होस्टिंगचा क्रॉन लावा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा चौकशीचा फॉर्म मी नॉन्स (विनंती आपल्याच पानावरून आली हे ओळखायची तात्पुरती खूण) लावून केला होता. फॉर्म सकाळी चाले, दुसऱ्या दिवशी बंद. नॉन्सचं आयुष्य फार तर २४ तास आणि पान मात्र कॅशमध्ये (साठवलेल्या प्रतीत) दोन-दोन दिवस, म्हणून शिळा नॉन्स नाकारला जायचा. अशा पानावर नॉन्स नंतर वेगळा मागवावा, किंवा लॉगिन न केलेल्यांच्या साध्या फॉर्मला तो लावूच नये. स्पॅमवर इलाज वेगळा. उलट डॅशबोर्डवरच्या कामाला नॉन्स हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. हा माणूस हे करू शकतो का, ते 'करंट यूजर कॅन' सांगतं. 'इज ॲडमिन'च्या नावाला भुलू नका, तो माणूस ॲडमिन आहे का ते तपासतच नाही. अजॅक्सच्या, म्हणजे पान न बदलता मागून होणाऱ्या, कामात परक्यालाही 'हो' म्हणतो. बाहेरून आलेला मजकूर निर्धोक करायला डेटाबेसकडे जाताना 'प्रिपेअर', स्क्रीनवर दाखवताना 'एस्केप'. यात आळस नको.

पोटाचं विचारलंत. भरतं. पण प्लगिन विकून भरेल या आशेवर नोकरी सोडू नका. वर्डप्रेसच्या डिरेक्टरीत प्लगिन जीपीएलशी जुळणाऱ्या लायसन्सखालीच जातं, म्हणजे घेणारा ते पुढे वाटू शकतो. तिथे एखादं प्लगिन जरूर ठेवा. रिव्ह्यूवाले जे दाखवून देतात ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. नाव मात्र विचार करून द्या, मंजूर झालेला स्लग बदलत नाही. पैसे येतात ते वर्षाच्या देखभालीतून, आणि देखभाल मिळते ती मालकाने फोन केल्यावर तुम्ही उचलता म्हणून, आणि मराठीत बोलताबोलता गोदामातल्या माणसाशी कन्नडमध्येही बोलू शकता म्हणून. पुण्याच्या एजन्सीला ते जमत नाही.

आता लगेच करायचं ते असं. होस्टिंगवाल्याकडे अपडेटच्या आधीचा बॅकअप असेल, तो मागा आणि त्यातून जुनी फंक्शन्स डॉट पीएचपी काढा. स्टेजिंग साइट (खऱ्या साइटची चाचणीची प्रत) करून डीबग लॉग, म्हणजे चुकांची नोंद, चालू करा, चुका दाखवणारं क्वेरी मॉनिटर प्लगिन टाका. कोड एकदम उचलून प्लगिनमध्ये ओतू नका. एकेक काम हलवा, प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी तुमची स्वतःची दोन-तीन अक्षरं लावा, म्हणजे दुसऱ्याच्या फंक्शनशी नाव धडकून साइट पांढरी पडणार नाही. पडलीच, तर ५.२ पासून वर्डप्रेस ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरीची लिंक पाठवतं. तो ईमेल मालकाचा आहे की साइट पहिल्यांदा केलेल्या आणि आता दुबईला गेलेल्या भाच्याचा, ते आजच बघून ठेवा. आणि डोमेनही कुणाच्या नावावर आहे, तेही.